गोगट्यांची गाडी, अप्पांची रिक्षा

घरात कॅरीबॅगा नेमक्या कधी साठतात ते कुणालाच कळत नाही. आपण एकही मागून आणलेली नसते आणि एक दिवस फडकं शोधायला ड्रॉवर उघडावा, तर सगळ्या भसकन अंगावर येतात. आमच्या ऑफिसातल्या गोगट्यांचे किस्से तसेच आहेत. मी एकही मुद्दाम जमवलेला नाही. मी फक्त त्यांच्या गाडीतून जाते-येते.

आमचं ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आहे. मोठमोठ्या इमारतींमध्ये एसीची हवा खेळवणारे पत्र्याचे डक्ट कुठून कसे न्यायचे, त्याची ड्रॉइंग्ज आम्ही काढतो. गोगटे आमच्यात सीनियर. ते राहतात डोंबिवली पश्चिमेला, मी जवळच कोपरला, आणि आमचा तिसरा परेरा कळव्याच्या पुढे खारेगावला. माणकोलीचा पूल झाला, गोगट्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि "चला हो आमच्याबरोबर, तेवढीच पर्यावरणाला मदत," असं म्हणत आम्हा दोघांना आत कोंबलं. पर्यावरणाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. आमचं काय झालं ते सांगते.

* * *

पण आधी अप्पा. अप्पांशिवाय ह्या गाडीतलं काहीच कळायचं नाही.

अप्पा म्हणजे गोगट्यांचे वडील, निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याकडे एक जुनी पेट्रोलची गाडी होती. ती चालायची कमी आणि रविवारी बॉनेट उघडून उभी जास्त असायची, पण अप्पांचा तिच्यावर जीव होता. मागच्या वर्षी ते लेकीकडे सांगलीला राहायला गेले आणि तेवढ्यात गोगट्यांनी ती विकून टाकली. विचारलं नाही. वडिलांना सरप्राइज द्यायचं होतं म्हणे! हेडमास्तरांना सरप्राइज देणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गोगट्यांची बायको नंदा माझी शाळेतली मैत्रीण, त्यामुळे ह्या घरातल्या बातम्या मला ताज्या मिळतात. अप्पा सांगलीहून आले. खाली रिक्षातून उतरले. त्यांच्या गाडीच्या जागेवर एक पांढरी, गुळगुळीत, नवी गाडी उभी.

"ही कुणाची?"

"आपली," गोगटे म्हणाले.

"आणि माझी?"

गोगट्यांनी सांगितलं. अप्पांनी नव्या गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावले. आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. मग म्हणाले, "विनू, ही एक दिवस भर रस्त्यात बंद पडेल. त्या दिवशी फोन कर, मी बघायला येईन. बसायला मात्र कधी येणार नाही."

आणि खरंच बसले नाहीत. त्या दिवसापासून गोगट्यांचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर टांगलेलं आहे. गाडी रस्त्यात बंद पडता कामा नये. एकदा जरी पडली तरी अप्पा जिंकले, आणि अप्पा जिंकले की ते ह्या गाडीत बसायची उरलीसुरली आशा संपली. माणसाचं वडिलांशी भांडण असावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते आमच्या जिवावर का, एवढंच मला विचारायचं आहे.

* * *

गाडीची पूजा झाली. गुरुजी उत्साही होते. त्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांना हळदकुंकू लावलं, लिंबं ठेवली आणि मागे जाऊन एका काळ्या गोल डोळ्यासारख्या वस्तूला भक्तिभावाने कुंकवाचं ओलं बोट लावलं. तो रिव्हर्सचा कॅमेरा होता.

झालं. गाडी मागे घ्यायला गेलं की स्क्रीनभर लालभडक. मी म्हटलं, ओल्या फडक्याने पुसा. गोगटे म्हणाले, "वैशालीताई, शुभकार्यातलं कुंकू आहे. ते आपणहून जाईल तेव्हा जाईल."

इंजिनियर माणूस हो! टक्केवारी दशांश चिन्हासकट सांगतो. पण कुंकू पुसायचं म्हटलं की हात मागे घेतो. ते कुंकू चांगलं गोंदासारखं चिकटलं होतं. मग रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये परेरा खाली उतरायचा आणि मागे उभा राहून ओरडायचा, "येऊ दे, येऊ दे, आजून येऊ दे, बास."

एकदा आमच्या साहेबांनी लिफ्टमध्ये कौतुकाने विचारलं, "गोगटे, तुमच्या गाडीला रिअर कॅमेरा आहे ना?"

मी म्हटलं, "आहे. खारेगावला चढतो."

पूजेच्या दिवशी अप्पा वर गॅलरीत उभे होते. खाली आले नाहीत. नंदाने पेढा नेऊन दिला तो मात्र खाल्ला. म्हणाले, "पेढ्याचा काय दोष."

* * *

सोसायटीत चार्जिंग पॉइंट बसवायचा की नाही, ह्यावर सोसायटीची चर्चा अजून चालू आहे. चर्चेत आमच्या डोंबिवलीचा हात कोण धरणार? तोपर्यंत गोगटे घरूनच चार्ज करतात. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. पूर्वी नंदा भाजी आणि दुधाच्या पिशव्या वर घ्यायला गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची. आता त्याच टोपलीतून जाड केबल खाली उतरते. दूध आणायला गोगटे जिना उतरून जातात.

त्यात भानगड अशी, की जड लोड झेपेल असा घरात एकच सॉकेट. तो गीझरचा. म्हणजे गाडीला पाजा, नाहीतर घराला अंघोळ घाला. नंदा सांगत होती, "हे सकाळी उठून आधी खाली डोकावून टक्के बघतात आणि मग मला सांगतात, आज तुला गरम पाणी आहे."

पहिल्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्या खिडकीसमोरून एवढी छान ताणलेली केबल रोज जायला लागली, तेव्हा त्यांनी तिच्यावर परकर वाळत घातला. गोगटे धावत खाली गेले. बेल वाजवली. अदबीने म्हणाले, "काकू, अहो त्या वायरमधून करंट जातो."

काकू म्हणाल्या, "मग लवकर वाळेल."

* * *

आता आत बसल्यावरचे नियम. एसी लावायचा नाही, रेंज जाते. पुलावर आणि हायवेला काचा उघडायच्या नाहीत, वाऱ्याचा अडथळा होतो आणि रेंज जाते. फोन चार्जिंगला लावायचा नाही. परेराने एकदा गावाहून पोतंभर तांदूळ आणला, तर गोगट्यांनी त्याला विचारलं, "हा आजच न्यायला हवा का?"

ऑक्टोबरात खारेगावच्या पुढे ट्रॅफिक तुंबलेला. दोन्ही बाजूंना कंटेनर. आम्ही तिघं बंद काचांच्या आत, मी पदराने वारा घेतेय, परेरा रुमालाने मान पुसतोय.

"गोगटे, एसी," मी म्हटलं.

"ताई, एसीने रेंज जाते."

"आणि नसला की जीव जातो."

"जिवाचं मीटरवर दिसत नाही," परेरा म्हणाला.

हे आमच्यापुरतं असतं तर घरचं म्हणून सोडून दिलं असतं. एकदा कल्याणचे एक बिल्डर साइट दाखवायला आमच्याबरोबर गाडीत होते. मोठं काम होतं, सगळ्या टॉवरचं एअर कंडिशनिंग. गोगटे गाडी चालवता चालवता त्यांना समजावत होते. हवा कशी खेळेल, प्रत्येक खोलीत गारवा कसा सारखा राहील, कोपऱ्यात बसलेल्या माणसालाही कसा घाम येणार नाही. बोलतात छान. बिल्डर मागच्या सीटवर शर्टाची वरची बटणं सोडून ऐकत होते.

साइट आली. ते उतरले, कपाळावरचा घाम बोटाने निपटून टाकला आणि म्हणाले, "साहेब, आमच्या बिल्डिंगमध्ये पण असाच गारवा येणार काय?"

काम दुसऱ्या कंपनीला गेलं.

* * *

एक लहानसा.

इलेक्ट्रिक गाडी उतारावर असली की चाकांतून थोडी वीज परत बॅटरीत जाते. पुलावरून खाली येताना टक्का वाढलेला दिसला की गोगट्यांचा चेहरा मुलगा बोर्डात आल्यासारखा होतो. एकदा असंच खारेगावच्या पुढचा पूल उतरून झाल्यावर ते म्हणाले, "बघा, एक टक्का कमावला."

परेरा म्हणाला, "मंग तू रोज घरशी हापिसात उतरतच ये. परत चढून जाऊच नको."

* * *

नंदाच्या भाच्याची मुंज कल्याणला होती. अख्खं घर निघालं. नंदा, मुलं, आत्या, आहेराच्या पिशव्या, सगळे गाडीत. अप्पा धोतर-कोट घालून तयार होते. गोगट्यांनी पुढचं दार उघडून धरलं.

नंदाने आपलं रोजचं वाक्य म्हटलं, "अप्पा रिक्षाने येतील."

हे वाक्य त्या घरात आता 'पोळ्या झाल्या' इतक्या सहज म्हटलं जातं. अप्पा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिक्षाने जातात. बँकेत रिक्षाने जातात. घरासमोर मुलाची गाडी उभी आणि म्हातारा नाक्यावर हात करून रिक्षा थांबवतोय, हे सगळी डोंबिवली बघते. गोगटे गॅलरीतून बघतात आणि आत जाऊन टक्के मोजतात.

तर मुंज. गोगट्यांना रेंज राखायची, म्हणून ते बैलगाडीच्या वेगाने निघाले. पत्रीपुलावर एक टेम्पो मागून इतका वेळ हॉर्न देत होता की आत्यांना वाटलं वरात आहे. कार्यालयात पोचले तेव्हा मंगलाष्टकं होऊन गेलेली, पंगत उठत आलेली, आणि अप्पा जेवून, हात धुऊन, खुर्चीवर विडा चघळत बसलेले.

"काय रे, बंद पडली का?" त्यांनी आशेने विचारलं.

"नाही अप्पा. व्यवस्थित चालली."

"मग एवढा वेळ होतात कुठे?"

* * *

हा मी स्वतः गाडीत असतानाचा आहे.

संध्याकाळी परत येताना डोंबिवलीत भाजी मार्केटच्या गल्लीत शिरलो. पुढे भर रस्त्यात मधोमध एक म्हातारे गृहस्थ चाललेले, हातात पिशवी, पिशवीतून अळूची पानं डोकावतायत. गाडीला आवाज नाही, त्यामुळे त्यांना पत्ता नाही. गोगटे हॉर्न देईनात. मी म्हटलं, द्या की. तर म्हणाले, "अप्पा आहेत."

मग ती मिरवणूक निघाली. पुढे अप्पा, मागे गाडी, गाडीच्या मागे अख्खं मार्केट आणि त्याच्या शिव्या. शेवटी गोगट्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "अप्पा, या ना. घरीच चाललोय."

अप्पा वळले. आधी त्यांनी गाडीकडे बघितलं, मग मुलाकडे, मग मला नमस्कार केला. मी नमस्कार केला. मग त्यांनी शांतपणे समोरून येणारी रिक्षा थांबवली. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

गाडीच्या काचा उघड्या होत्या, एसी नसण्याचा तेवढाच एक फायदा. रिक्षावाला विचारत होता, "काका, ते गाडीवाले तुम्हाला बोलवतायत ना?"

"हो," अप्पा म्हणाले. "सज्जन माणूस आहे. पण रस्त्यात बंद पडतो. चल तू."

घरावरून पुढे गोगटे मला सोडायला निघाले. मला त्यांची दया आली. कोपरला उतरेपर्यंत टिकली. उतरताना त्यांनी मला सांगितलं, "दार हळू लावा ताई, झटक्याने सेन्सर जागे होतात." मग गेली.

* * *

आता चार्जरचा.

घोडबंदर रोडला एका साइटचं काम लांबलं, आणि येताना कापूरबावडीच्या अलीकडे सगळं जाम. गोगट्यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि टक्क्यांवर जास्त. आम्हाला सांगितलं, बोलू नका.

"बोलल्यान बॅटरी जाते काय?" परेराने विचारलं.

"माझं लक्ष जातं."

शेवटी एका मॉलच्या तळघरात चार्जर असल्याचं ॲपवर दिसलं. गेलो. चार्जर होता. रिकामाही होता. चालवायला मात्र फोनवर आलेला ओटीपी चार्जरवर टाकायला हवा, आणि तळघरात नेटवर्क नाही. गोगटे फोन घेऊन रॅम्प चढून वर गेले, ओटीपी आला, धावत खाली आले, तोवर त्याची मुदत संपलेली. पुन्हा वर. पुन्हा खाली. गोगटे पन्नाशी ओलांडलेले, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तोंडाने एकच, "बंद पडणार नाही. बंद पडणार नाही."

मग आमच्या डोक्यातून योजना निघाली. आम्ही तिघं रोज अख्ख्या टॉवरची हवा खालून वर पोचवतो, चार आकडे वरून खाली पोचवू शकणार नाही का? गोगट्यांचा फोन घेऊन परेरा रॅम्पच्या तोंडाशी उभा राहिला. वळणावर मी. खाली चार्जरपाशी गोगटे, बोट वर करून तयार.

परेरा वरून ओरडला, "सात!"

मी ओरडले, "सात!"

"दोन!"

"दोन!"

तेवढ्यात मॉलचा सिक्युरिटीवाला काठी आपटत माझ्यापाशी आला आणि वैतागून म्हणाला, "मॅडम, हाऊजी इथे नाही. वर फूड कोर्टात आहे."

* * *

आणि हा शेवटचा.

परेराच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा वसईचा. मे महिन्यातला शनिवार, दुपारनंतर वसईला चर्चमध्ये लग्न आणि तिथेच वाडीत जेवण. परेराने सगळ्या ऑफिसला बोलावलं. ऑफिसात लगेच चर्चा सुरू झाली की गोगट्यांची गाडी डोंबिवलीहून वसईला जाऊन परत येईल का. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "गोगटे, राहू द्या, आमच्या गाडीत या. कुठे अडकलात तर लग्नाचा फोटो सोडून आम्हाला तुम्हाला टो करायला यावं लागेल."

सगळे हसले. मीही हसले.

गोगटे उभे राहिले आणि म्हणाले, "मी गाडी घेऊनच येणार. ही गाडी आजवर एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही."

नंतर नंदाने सांगितलं, हेच वाक्य त्यांनी घरी जाऊन जेवताना अप्पांनाही ऐकवलं. अप्पांनी ताक मागितलं.

आठवडाभर गोगटे त्या प्रवासाची तयारी करत होते. टायरमधली हवा तपासली. डिकीतली छत्रीसुद्धा काढून ठेवली. मला फोन करून विचारलं, आहेर म्हणून काय नेणार आहात, जड आहे का. मी म्हटलं, पाकीट नेणारे. त्यांना बरं वाटलं.

लग्नाच्या दिवशी पहाटे त्यांच्या भागातला ट्रान्सफॉर्मर उडाला. टोपलीतली केबल लटकतच राहिली. तरी गोगट्यांचा मला फोन आला. "ताई, फुल्ल नाही झाली, पण वसईला जाऊन परत येण्यापुरती आहे. मी हिशोब केलाय. फक्त एसी लावता येणार नाही."

आता मे महिन्यात, पैठणी नेसून, डोंबिवली ते वसई, बंद काचांच्या आत. मी फोन ठेवून जे बोलले ते लिहिता येणार नाही. पण परेराच्या पोरीला मी परकरपोलक्यात बघितलेलं, जायला तर हवंच होतं. भर दुपारी गजरा माळून, तोंडाला पावडर थापून मी रिक्षाने गोगट्यांच्या सोसायटीत पोचले. वीज आलेली नव्हती. जिन्यात लोक पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते. कुणाकुणाच्या घरातल्या म्हाताऱ्यांना खाली सावलीत आणून बसवलं होतं, आणि सावलीतसुद्धा नुसती वाफ.

गोगटे पार्किंगमध्ये उभे होते. नवा सूट, टाय, चकचकीत बूट. गाडीपासून चांगली पाच-सहा पावलं लांब, उन्हात. घाम कानांवरून ओघळून कॉलरमध्ये जात होता.

"निघायचं ना?" मी विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि गाडीकडे दाखवलं.

गाडीच्या काचा बंद होत्या. आत मागच्या सीटवर शेजारच्या विंगमधले दोन म्हातारे मांडी घालून बसले होते. आणि ड्रायव्हरच्या सीटवर, अर्धे मागे वळून, बनियन आणि धोतरात, अप्पा. शेजारच्या रिकाम्या सीटवर पत्ते मांडलेले. आत एसीचा वारा एवढा वाहत होता की अप्पांचे चार केस उडताना दिसत होते.

नंदा जिन्यापाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "सकाळी अप्पांना घेरी आली गं. गॅलरीत नुसते बसकण मारून बसले. मी ह्यांच्या खिशातून किल्ली काढली आणि त्यांना हाताला धरून आत बसवलं, एसी लावून दिला. मग जरा बरं वाटल्यावर म्हणाले, जोशी आणि राणेंना पण बोलाव."

"कधीपासून बसलेत?"

"हे अंघोळीला गेले होते तेव्हापासून."

मी गोगट्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिथून काचेतून टक्क्यांचा आकडा दिसत होता. गोगटे त्याच्याकडे बघत होते.

"वसईला जाऊन परत येण्यापुरती आहे ना?" मी विचारलं.

"आता वसईपर्यंत जाईल," ते म्हणाले. "परत नाही येणार."

"मग त्यांना सांगा की उठायला. जिन्यात बसतील घटकाभर."

गोगट्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पदराने वारा घ्यायला लागले. उन्हात पैठणीतून वाफा निघत होत्या. आत अप्पांनी पान टाकलं आणि मागचे दोघं हसले. आवाज बाहेर आला नाही.

बऱ्याच वेळाने गोगटे म्हणाले, "आता घोडबंदरपर्यंत."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साहेबांचा. साहेबांचा आवाज एवढा मोठा, की स्पीकरची गरज नसते. "काय गोगटे, आम्ही सगळे पोचत आलो. तुम्ही कुठे? निघाली का तुमची गाडी, की पडली बंद?" मागे सगळ्या गाडीभर हसणं.

गोगट्यांनी टाय सैल केला.

"हो साहेब," ते म्हणाले. "बंद पडली."

फोन ठेवला. खिशातून आहेराचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "ताई, तुम्ही रिक्षा करून स्टेशनला जा, वेळेत पोचाल. परेराला सांगा, मी पोरीला घरी जेवायला बोलावतो."

गाडीची काच जराशी खाली आली. फटीतून गार हवा माझ्या हाताला लागली.

"कुणाचा फोन होता रे विनू?" अप्पांनी विचारलं.

"ऑफिसचा."

"जायचंय का तुला कुठे?"

"नाही अप्पा."

अप्पांनी शेजारच्या सीटवरचे पत्ते गोळा करून मांडीवर घेतले.

"मग उन्हात काय उभा आहेस? बस की आत."